निखाऱ्यांजवळ कोण बसणार?

इंदूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. लोकमान्यनगरच्या बाजूला स्वतःचं दुमजली घर, वर मोकळी गच्ची. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की त्यांच्याकडे गच्चीवरच्या जेवणांचा मोसम सुरू होतो, तो संक्रांत उलटेपर्यंत. वर्षाकाठी पाच-सहा संध्याकाळी, दर वेळी दहा-बारा माणसं. बाफले (कणकेचे माळवी गोळे), भरताची वांगी, भुट्टे, मुलांसाठी पनीर, पुतण्यांसाठी कधी चिकन. आजवर हे सगळं सासऱ्यांच्या वेळच्या लोखंडी शेगडीवर, लाकडी कोळशावर झालं. यंदा यजमानांनी झाकणाचं, तीन बर्नरचं गॅस ग्रिल पाहून ठेवलं आहे, किंमत ३०,००० रुपयांच्या घरात. थोरल्या दिरांना ते मुळीच पसंत नाही. "गॅसवरच भाजायचं तर जिना कशाला चढायचा, खाली ओट्यावर काय वाईट आहे?" असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या काकूंना दमा आहे, त्यांनी गेल्या हिवाळ्यात धुराबद्दल दोनदा बोलून दाखवलं. ताई विचारतात: चव, खर्च, तब्येत सगळं धरून गॅस बरा की कोळसा? एकदाचं सांगून टाका म्हणजे घरातला वाद मिटेल. आणि शेवटी ताजा कलम: "शेगडीपुढे पंखा घेऊन हे बसतात. भाऊजी खुर्चीवरून सांगतात. दुसऱ्या दिवशी राख मी काढते."

प्रिय ताई,

तुमच्या पत्राला मी ताज्या कलमापासून हात घालते, कारण वरच्या दोन पानांपेक्षा त्या तीन वाक्यांत जास्त मजकूर आहे. कोळसा हवा असं ज्यांचं म्हणणं, ते कोळशाला हात लावत नाहीत. जे दोन तास वाकून वारा घालतात त्यांना गॅस हवासा वाटला, यात नवल काय? आणि राख जिच्या वाट्याला येते तिला घरात कोणी विचारलंच नाही, म्हणून ती मला विचारते आहे. 'एकदाचं सांगून टाका' म्हणालात, तर सांगेन. पण आधी तुमच्या घरात सगळ्यांनीच जे धरून ठेवलंय ते जरा हलवून बघू.

चवीपासून सुरुवात करते. 'कोळशाची चव गॅसला नाही' हे मीही वर्षानुवर्षं म्हणत आले. पण कोळसा म्हणजे काय ते आठवा. लाकूड कमी हवेत कोंडून जाळलं की त्यातलं पाणी जातं, धूर करणारे वायू आणि डांबरट अंश जातात, मागे जवळजवळ नुसता कार्बन राहतो. म्हणजे ज्या लाकडी धुराला आपण चव म्हणतो, तो कोळशाने भट्टीतच सोडून दिलेला असतो. नीट पेटलेला, वर पांढरी राख चढलेला निखारा धूर जवळपास करतच नाही. मग तो खमंग वास कुठला? तो जाळीवरच्या पदार्थाचा. पनीरचं दही-तेल, चिकनची चरबी, भुट्ट्याला चोळलेलं लोणी खाली टपकतं, निखाऱ्यावर चर्र होतं, त्याचा धूर उठून पुन्हा पदार्थालाच चिकटतो. गॅस ग्रिलमध्ये बर्नरच्या वर लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांचं एक काम हेच. थेंब तापल्या लोखंडावर पडला तरी चर्र होतोच.

वांग्याची तर गंमतच आहे. वांग्यातून टपकणारं असं काही नसतंच. भरताला जो धुरकट वास असतो तो वांग्याच्या स्वतःच्या सालीचा, ती जळून काळीठिक्कर पडते त्याचा. म्हणून तर एरवी ओट्यावर, ज्योतीवर भाजलेल्या वांग्याचं भरीतही आपण बोटं चाटत खातो. एकदा दोन्हीकडची वांगी भाजून, एकाच हाताचं कांदा-तिखट घालून भाऊजींपुढे दोन वाट्या ठेवा. कुठली कुठली ते आधी सांगू नका.

मग कोळशाचं असं काहीच नाही का? आहे. ते बहुधा भाऊजींनाही शब्दांत सांगता येत नसेल, म्हणून त्यांच्या वतीने मी सांगते. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी. झाकणाखाली पदार्थ त्या दमट हवेत बसतो. निखाऱ्यात कार्बनच असल्यामुळे त्याची धग कोरडी. शिवाय रसरसलेला निखारा उन्हासारखी सरळ धग फेकतो. भुट्ट्याचा दाणा त्या धगीपुढे आतून शिजतो आणि वरून डागाळत कुरकुरीत होतो. ज्योतीवर धरलेला भुट्टा एका अंगाने जळतो आणि दुसऱ्या अंगाने दूध गाळतो. पावसाळ्यात इंदूरजवळच्या पातालपानी धबधब्याच्या वाटेवर भुट्टेवाल्या बाईने शेगडी ठेवून गॅस आणला, तर कोणी गाडी थांबवणार नाही. भुट्ट्यापुरती मी पूर्णपणे भाऊजींच्या बाजूची.

बाफल्यांना मात्र तुमच्या घरातला हा वादच लागू नाही. बाफला आधी पाण्यात उकळतो आणि मग त्याला चारही बाजूंनी मंद, सावकाश धग लागते. ती द्यायचे कंडे, म्हणजे आपल्या गोवऱ्या, आणि त्यांचा फुफाटा. कोळशाच्या शेगडीवर बाफले टाकले की वरून काळे, आतून पिठूळ, हा अनुभव तुम्हालाही असेलच. गॅस ग्रिलमध्ये झाकण लावून होतील ते चांगले. पण बारा माणसांचे बाफले मावले की बाकी कशालाच जागा उरणार नाही. माळव्यात घरोघरी जो गॅस तंदूर असतो ना, बर्नरवर ठेवायचा, घुमटासारख्या झाकणाचा, तो तुमच्याकडेही फळीवर असेल. बाफले त्यात खाली करा आणि तुपात बुडवायला वर आणा. तेवढ्याने गच्चीवरचं अर्धं ओझं उतरतं. गराडूंचं, त्या माळवी कंदांचं, विचारलं नाहीत ते बरं केलंत. ते तेलातच तळावेत, जाळीवर घालून कोणाचंही भलं झालेलं नाही.

आता चिकन. इथे यजमानांच्या पारड्यात मोठं वजन पडतं. हाडासकटचं चिकन उघड्या शेगडीवर भाजणं हा कोणाच्याही अंगावर येणारा उद्योग आहे. चरबी टपकते, भडका उठतो, वरून कोळसा होतो आणि हाडापाशी गुलाबीच राहतं. तीन बर्नरच्या ग्रिलमध्ये एक बर्नर बंद ठेवून त्या बाजूला तुकडे सरकवायचे आणि झाकण लावायचं, की ते निवांत शिजतात. आच वाढवणं-कमी करणं बोटावर. झाकणाचं महत्त्व कोळशावरच्या लोकांनाही कळलेलं आहेच. शिकागोच्या एका पत्र्याचं काम करणाऱ्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ होते. तिथे पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनत. १९५२ साली त्यांनी बोयाचा गोळा मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्याला मूठ, आणि कोळशाचं झाकणवालं ग्रिल तयार झालं. वाऱ्याने आणि उडत्या राखेने उघड्या चुलीवर जेवण बिघडायचं, त्यावरचा तो इलाज. तुमच्या शेगडीचं दुखणंही तेच आहे.

पण चिकनवरून दुसरंच मनात आलं. सासूबाई असतात का हो गच्चीवर? तुम्ही लिहिलेलं नाही. पुतण्यांचं चिकन आणि घरातल्या शाकाहारी माणसांची वांगी एकाच ग्रिलच्या एकाच जाळीवर, एकाच झाकणाखाली चालणार आहेत का? शेगडी असेल तर दुसरी साधी जाळी ठेवता येते, नाहीतर वेगळी छोटी शेगडीच. ३०,००० चं ग्रिल मात्र एकच राहणार. ते घेऊन आल्यावर पहिल्याच संध्याकाळी हा प्रश्न उभा राहील, आणि तेव्हा मध्ये तुम्हीच सापडाल.

वेळेचं गणित मांडताना आपण फक्त भाजायचा वेळ धरतो. कोळशाला पेटायला पंचवीस-तीस मिनिटं, त्यानंतर चांगला आर, म्हणजे रसरसता निखारा, मिळतो तो पाऊण तास, फार तर तास. त्या तासात सगळं उरकायचं. शेगडी रात्रभर निवणार आणि राख सकाळी. गॅस दहा मिनिटांत तापतो आणि हवा तितका वेळ चालतो, पाहुणे उशिरा आले तरी बिघडत नाही. पण गॅसलाही दुसरा दिवस असतोच. खालचा तेलकट ट्रे, पट्ट्यांवरची चरबी, जाळी घासणं. आणि सिलिंडर? घरच्या टाकीत १४.२ किलो गॅस आणि वर तितकंच लोखंड, म्हणजे भरलेली टाकी ३० किलोच्या आसपास. ती दोन जिने वर नेणार कोण? तिन्ही बर्नर मोठे ठेवले तर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जातो. खालची टाकी वर नेली आणि नऊ वाजता कोणाला चहाची लहर आली, की काय होईल ते मी सांगायला नको.

पैशांचा हिशेब तर तोंडीच होतो. वर्षाला सहा संध्याकाळी धरल्या तर पाच वर्षांत तीस. ३०,००० भागिले तीस. दर संध्याकाळी १,००० रुपये, आणि त्यात गॅस, वांगी, पनीर काहीच नाही. मधले चार महिने इंदूरचा पाऊस, म्हणजे ते ग्रिल झाकून जिन्याच्या खोलीत ठेवायचं, नाहीतर गंज. वर्षात पंधरा-वीस वेळा गच्चीवर जेवणाऱ्या घराला मी डोळे मिटून गॅस घ्या म्हणेन. सहा वेळा जेवणाऱ्या घराला नाही.

शेजारच्या काकूंचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तुम्ही तो एका ओळीत संपवलात. कोळशाचा खरा धूर पेटवतानाच्या अर्ध्या तासातला. त्यातही रॉकेल ओतलं, ओला कोळसा असला, की विचारू नका. थंडीच्या रात्री वारा पडतो, जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, धूर वर न जाता गल्लीतच तरंगत राहतो. आपण सात-साडेसातला शेगडी पेटवतो, तेव्हा नेमकी हीच वेळ असते. पाचला पेटवा. डिसेंबरात इथे पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्याआधी हवा उबदार असते आणि धूर वर चढतो. साडेपाचपर्यंत आर तयार, भुट्टे आणि पनीर आधी उरकून घ्या. शेगडी काकूंच्या खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात हलवा. आणि आदल्या दिवशी त्यांना सांगा, म्हणजे त्या खिडक्या लावून घेतील किंवा संध्याकाळी मुलीकडे जाऊन येतील. गॅस घेतला की काकूंचा प्रश्न सुटला, असं मात्र समजू नका. चरबी टपकली की गॅस ग्रिलवरूनही धूर उठतोच. काकूंना त्रास जास्तच होत असेल, डॉक्टरांनी धूर टाळा म्हटलं असेल, तर गच्चीवर चिकन नकोच. तो पदार्थ खाली कढईत.

तब्येतीचं विचारलंत म्हणून थोडक्यात. मांस फार मोठ्या आचेवर करपलं की त्यात काही घातक द्रव्यं तयार होतात, आणि टपकलेल्या चरबीच्या धुरातून वेगळ्या प्रकारची घातक द्रव्यं पदार्थावर बसतात. पहिला प्रकार वांग्या-भुट्ट्यांत होत नाही. उपाय साधा: चिकनला दही-लिंबू-लसणाचं वाटण तास-दोन तास लावून ठेवा, भडका उठला की तुकडे बाजूला सरकवा, काळं पडलेलं काढून टाका. भडक्यावर पाणी मारू नका, चरबी तडतडून अंगावर येते. हे दोन्ही इंधनांना सारखंच लागू आहे.

आता जरा गंभीर. मी शाळेत असताना आम्ही रामबागेत राहायचो. जानेवारीतली रात्र, अंगणात वांगी भाजून झालेली, शेगडीत आर शिल्लक. आजीला थंडी वाजते म्हणून वडिलांनी शेगडी उचलून तिच्या खोलीत ठेवली, दार-खिडक्या लावल्या. धूर नव्हता, वास नव्हता, नुसती छान ऊब. तासाभराने आईला काही तरी वाटलं म्हणून ती बघायला गेली, तर आजी उलटी करत होती आणि तिला उठता येत नव्हतं. आई स्वतः दोन मिनिटांत डोकं धरून खाली बसली. वडिलांनी दारं उघडून दोघींना अंगणात आणलं, म्हणून निभावलं. तो कार्बन मोनॉक्साइड. निखारे जितके शांत दिसतात तितकाच तो निघत असतो, आणि रक्तात प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. दर हिवाळ्यात कुठे ना कुठे ही बातमी येतेच. तेव्हा गच्ची उतरताना शेगडी वरच राहील. कोणी कितीही कुडकुडत असो, खाली येणार नाही.

गॅसची गोष्ट उलटी. तो हवेपेक्षा जड, गळला की खाली वाहतो. तुमच्या गच्चीवर टाकी जिन्याच्या दाराशी ठेवली, तर गळलेला गॅस पायऱ्या उतरून घरात शिरेल. टाकी जिन्यापासून आणि पाण्याच्या नालीपासून लांब, सपाटीवर, उभीच. नळी जुनी असेल तर बदला, तसंही पाच वर्षांवर ठेवू नये. जोड साबणाच्या फेसाने तपासा, काडी ओढून नाही. ग्रिल पेटवताना झाकण उघडं. बंद झाकणाखाली गॅस साठला आणि मग ठिणगी पडली की भुवया जातात. आणि तुमच्याकडे पाइपचा गॅस आला असेल, तर एलपीजीचं ग्रिल त्यावर चालत नाही. तो वायूच वेगळा, जेटची, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीची, भोकंही वेगळ्या मापाची लागतात. घरातल्या कोणी उत्साही मुलाने स्वयंपाकघरातून नळी ओढून वर न्यायची कल्पना काढली, तर त्याला आधी भुट्टे सोलायला बसवा.

तर आता सांगते. यंदा ग्रिल घेऊ नका. पण यजमानांना 'नको' एवढंच सांगून भागणार नाही, कारण त्यांची कंबर खरंच दुखते आहे. त्यांच्यासाठी शेगडी सुधारा.

वेल्डिंगवाल्याकडून अँगलचा एक स्टँड करून घ्या, शेगडीचं तोंड कमरेच्या उंचीला येईल असा. निम्मं दुखणं वाकण्याचं आहे, ते तिथेच संपतं. दुसरं, कोळसा पेटवायचा डबा. काळ्या लोखंडी पत्र्याचं नळकांडं, वीतभर रुंद, फूटभर उंच, बुडाशी जाळी, जाळीच्या खाली भोकं आणि बाजूला लाकडी मूठ. खाली दोन वर्तमानपत्रांचे बोळे, वर कोळसा, एक काडी. हवा आपोआप खालून खेचली जाते. पंखा नको, फुंकणी नको, रॉकेल तर नकोच. वीस-पंचवीस मिनिटांत वरच्या कोळशांवर राख दिसायला लागली की शेगडीत ओता. एक जपा: पत्रा आणि जाळी जस्त चढवलेली नको. ते तापलं की त्याचा धूर बाधतो. बर्तन बाजारात चकचकीत दिसतं म्हणून तेच उचललं जातं.

कोळसा सियागंजातून आणाल तेव्हा हातात घेऊन बघा. लाकडी कोळसा हलका, त्यावर लाकडाच्या रेघा दिसतात, एकमेकांवर आपटला तर किणकिणतो. जड आणि चकाकणारा असेल तर तो दगडी, त्याच्या गंधकाच्या धुरावर अन्न भाजायचं नसतं. दहा-बारा माणसांना, बाफले खाली केले तर, दीड-दोन किलो पुरतो. निखारे शेगडीभर पसरू नका, एका बाजूला ढीग करा आणि दुसरी बाजू मोकळी ठेवा. ढिगावर भुट्टे, मोकळ्या बाजूला चिकन, वर नवं लोखंडी घमेलं, आपल्याकडची तगारी, उपडं घाला. झालं तुमचं झाकण. आच किती ते बघायला जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरा. दोन-तीन सेकंदांत काढावासा वाटला तर आच कडक, भुट्ट्याला चांगली. पाच-सहा सेकंद धरवला तर पनीर टाका.

आणि माणसांची व्यवस्था. कोळसा ज्यांना हवा ते पेटवतील, सकाळची राखही त्यांचीच. हे भाऊजींना तुम्ही सांगू नका, त्यांच्या भावाला सांगू द्या, आणि जेवण संपल्यावर नाही, मोसम सुरू व्हायच्या आधी. वाईट वाटेल असं काही त्यात नाही. "दादा, बाबांची शेगडी आहे, या वेळी तुम्ही पेटवा," एवढंच. ते बसले, तर दोन तासांत त्यांना कोळशाबद्दल बरंच नवं कळेल. कदाचित पुढच्या वर्षी तेच गॅसचा विषय काढतील, आणि मग तो घ्यायला माझी काही हरकत नाही. कॅलेंडरवर खुणा करत जा, किती संध्याकाळी वर जेवलात, शेगडीपुढे कोण बसलं. पंधराच्या वर गेल्या तर ग्रिल घ्या. घ्याल तेव्हा इथला रेग्युलेटर बसतो का आणि बर्नर-जेट सुटे मिळतात का, हे आधी विचारा.

हे पत्र वाचणारे काही जण फ्लॅटमध्ये राहत असतील. त्यांना बाल्कनीत कोळसा मी सुचवणार नाही, छत वरच्या मजल्याचं असतं आणि वाळत घातलेले कपडेही. सामाईक गच्ची असेल तर सोसायटीला विचारून, नाहीतर विजेचं छोटं ग्रिल घेऊन घरातच. धुराची चव हवी असेल तर तिला बार्बेक्यूची गरज नाही. पदार्थ गॅसवर पूर्ण करा, पातेल्यात मधोमध एक वाटी ठेवा, वाटीत एक लाल निखारा, त्यावर चमचाभर तूप आणि लगेच झाकण. पाच मिनिटं. पनीर, डाळ, मठ्ठा, काहीही. एका कोळशाचं काम आहे, तो सांडशीत धरून ज्योतीवर पेटवता येतो. खिडकी उघडी ठेवा.

राहिली राख. शेगडी वरून गार लागली तरी आत निखारा सकाळपर्यंत जिवंत असतो, म्हणून राख सकाळच्या कचरागाडीत टाकायची नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. एक पूर्ण दिवस झाकून ठेवा, मग पाणी शिंपडून ढवळा. लाकडी कोळशाचीच असेल तर थोडी कुंड्यांत चालते, मूठभरच. बादली पत्र्याची हवी, प्लास्टिकची वितळते. ती या खेपेला भाऊजींच्या खुर्चीशेजारी ठेवा.